डोंगर डाव्या हाताला

लखू फेऱ्याला उभा राहिला तेव्हा ऊन कासराभर वर आलं होतं. साठ वर्षांच्या आयुष्यात त्याला असा उशीर पहिल्यांदाच झाला होता. फेरा काढायचा तो मार्गशीर्षाच्या पुनवेला, आणि तोही दिस फुटायच्या आत, हा कासखोल गावाचा रिवाज. आज पुनव उलटून गेली होती. पण हिवतापाला रिवाज कोण सांगणार? पुनवेचा अख्खा दिवस लखू कुंभारवाड्यात लेकीच्या घरी घोंगडीखाली कुडकुडत पडला होता. आज पहाटे अंगाला घाम फुटला, ताप उतरला, तसा तो काठी शोधायला लागला.

लेक, केशर, दारात आडवी उभी राहिली. "अप्पा, अंगात उभं ऱ्हायची ताकद न्हाई तुज्या. कुनासाटी चाललास? तितं आता हाय कोन?"

"देव हाय."

"देव काय वाट बगत बसलाय व्हय तुजी?"

"बसला आसंल. तुला काय ठावं?" असं म्हणून लखू तिच्या काखेखालून बाहेर पडला. हा माणूस एकदा निघाला की बैल लावूनही मागं ओढता यायचा नाही, हे केशरला ठाऊक होतं. तिनं पेजेचं गाडगं त्याच्या हातात दिलं आणि कपाळाला हात लावून ती ओसरीवर बसली.

केशरचं म्हणणं खोटं नव्हतं. कासखोलात आता कोणी नव्हतं. एके काळी तिथं नऊ घरं होती. डोंगराच्या उतारावरचं रान तोडायचं, जाळायचं आणि त्या राखेत नाचणी पेरायची, या कुमरीवर गाव पिढ्यान्‌पिढ्या जगलं. मग सरकारनं कुमरी बंद केली आणि एकेक घर उठलं. कोणी बाजारकुणंगला गेलं, कोणी नंदिगड्ड्याला. लखूचा धाकटा भाऊ गुणा घाट उतरून गोव्याकडं गेला. आज घरांच्या जोत्यांवर बांबू उगवला होता आणि लखूच्या स्वतःच्या चुलीच्या जागी छातीएवढं वारूळ उभं होतं. दरसाल तो त्या वारुळाकडं बघायचं टाळून पुढं जायचा. आजही त्यानं तसंच केलं.

फेरा म्हणजे देवाच्या डोंगराला घातलेली प्रदक्षिणा. गावाच्या देवराईतून वाट निघते, चार व्हाळ, म्हणजे ओढे, ओलांडते, त्यांच्या दऱ्यांतून चढत-उतरत डोंगराला वळसा घालते, शेवटी घळीतून खाली येते आणि संध्याकाळी पुन्हा देवराईत पोचते. डोंगर सारा वेळ उजव्या हाताला ठेवायचा. डोंगर डाव्या हाताला ठेवून, म्हणजे उलटं, फक्त मेलेल्याला नेतात. वाटेत पाच ठिकाणी डहाळ्यांचे ढीग असतात. प्रत्येक ढिगावर दर घराची ऐनाची एक डहाळी पडायची, शेंडा वर करून, केवणीच्या सालीनं बांधलेली. घराघराची गाठ वेगळी. गाठ बघून कळायचं की अमक्याच्या घरचा माणूस येऊन गेला, अमक्याचं घर जितं आहे. ज्याच्या घरी त्या साली कोणी मेलं असेल तो शेंडा खाली करून डहाळी ठेवायचा. आणि असा दुःखाचा फेरा देवापाशी आणून पुरा करायचा नसतो. शेवटच्या ढिगावरूनच परस्पर निघून जायचं, मागं वळून बघायचं नाही.

लखूचा बाप डावखुरा होता. त्यामुळं त्यांच्या घरची गाठ डावीकडून वळायची. जगात ती दोघांनाच येत होती, लखूला आणि गुणाला.

देवराईतल्या पहिल्या ढिगावर डहाळी ठेवायला लखू वाकला आणि तसाच राहिला. ढिगावर एक डहाळी आधीच होती. हिरवीगार, शेंडा वर, आजच तोडलेली. आणि तिची गाठ डावीकडून वळलेली होती.

लखू ढिगाशेजारी बसला. नऊ वर्षांत त्यानं गुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. पाहायचंही नाही असं दोघांनी एकमेकांना ऐकवलं होतं, तेही आईच्या चितेची राख गरम असताना. आईनं कासखोल सोडायला नकार दिला होता, म्हणून लखू तिच्यापाशी राहिला. ती गेली तेव्हा गुणाकडं माणूस धाडला, पण गुणा पोचायच्या आत लखूनं अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी गुणा आला आणि राखेपुढं उभा राहून ओरडला, "एक दिस थांबला न्हाईस माज्यासाटी!" लखूही काही कमी नव्हता. "तू कदी थांबलास रं आमच्यासाटी?" असं म्हणून त्यानं पाठ फिरवली. तेव्हापासून लखू एकटा फेरा घालायचा आणि गुणानं देवसुद्धा टाकला असं मनाशी घोकायचा. राग राखायला त्याला तेवढं पुरायचं.

आणि आता ही डहाळी. लखूनं ती उचलली, गाठ नखानं चाचपली आणि पुन्हा होती तशी ठेवली. त्याला हसू आलं, लगेच राग आला, आणि तो झाडाला धरून उठला. शेजारी आपली डहाळी ठेवून तो चालू लागला, जरा भरभरच.

पहिल्या व्हाळाचं पाणी गुडघाभर आणि बर्फासारखं गार होतं. वरच्या किंदळाच्या झाडावर शेकरू खेकसत होतं, बाकी रान गप्प. पूर्वी इथं आलं की पुढचा माणूस "फेरा आला होऽऽ" अशी आरोळी द्यायचा आणि मागून नऊ घरांची माणसं "व्हयऽऽ" म्हणायची. लखू दरसाल एकटाच आरोळी द्यायचा आणि मग स्वतःच हळू आवाजात "व्हय" म्हणायचा. कोणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं, पण ऐकायला होतं कोण? आज मात्र त्यानं पोटातून आरोळी दिली आणि कान देऊन उभा राहिला. दरीतून त्याचाच आवाज परत आला. गुणा तोवर पुढचा डोंगरकडा ओलांडून गेला असणार.

व्हाळापलीकडच्या दुसऱ्या ढिगाची पार दैना झाली होती. कोणीतरी तो उसकटून, जुन्या कुजक्या काटक्यासुद्धा बाजूला करून, तळापर्यंत बघितला होता. सावलीतल्या ओल्या मातीत पावलं उमटली होती, तिथंच फिरफिर फिरलेली. गुणाची डहाळी मधोमध होती, शेंडा वरच, पण गाठ सैल पडलेली. काय शोधत होता हा? लखूला काही उमजेना. गुडघा ठणकायला लागला होता, तरी तो थांबला नाही.

तिसरा ढीग जवळच होता, दुसऱ्या व्हाळाच्या चढावर. तिथं गुणाची डहाळी शेंडा खाली करून ठेवलेली होती.

कोण गेलं असेल गुणाच्या घरचं? बायको? पोर? मग पहिल्या दोन ढिगांवर शेंडा वर का होता? कोणी घरचं गेलं असतं तर देवराईपासूनच डहाळी उलटी पडली असती. म्हणजे जे कोणी मेलं, ते गुणाला आज, या वाटेवर कळलं. उसकटलेला ढीग लखूच्या डोळ्यांपुढं आला.

म्हणजे गुणा दरसाल येत होता. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, लखूच्या मागून बरोबर एक दिवस. लखूची डहाळी बघायचा, शेजारी आपली ठेवायचा आणि जायचा. पुढच्या मार्गशीर्षापर्यंत पावसात सगळंच कुजून जायचं, म्हणून लखूला कधी पत्ता लागला नाही. नऊ वर्षं भाऊ आपली खबर घेऊन जात होता आणि आपण घोकत बसलो की त्यानं देव टाकला. या साली लखूची डहाळी त्याला दिसली नाही. लखू जिता असून फेऱ्याला आला नाही, असं गुणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं. तो ढीग त्यानं त्यासाठी उसकटला होता. खाली केलेला शेंडा लखूसाठी होता.

आता काय? गुणा शेवटच्या ढिगापर्यंत जाणार, तिथं घळीच्या तोंडाशी घाटाकडं फुटणारी वाट धरणार आणि मागं न बघता खाली उतरणार. पुन्हा तो कशाला येईल? कोणाची डहाळी बघायला? लखू त्याच्यासाठी आजच मेला होता, आणि पुढच्या साली खरोखर मेला तरी ते त्याला कळणार नव्हतं.

मागून गाठणं या गुडघ्यानं शक्य नव्हतं. पण ढीग तीन झाले तरी फेऱ्याचा अजून पाव भागच झाला होता. मागं वळून देवराईत यायचं आणि तिथून उलट्या दिशेनं घळीकडं चढायचं, गुणाला तर अजून अर्धा डोंगर फिरून यायचं होतं. समोरासमोर गाठ पडली असती. फक्त डोंगर डाव्या हाताला येत होता.

लखूनं डोंगराकडं बघून हात जोडले. "देवा, भावानं मला मारलंच हाय," तो म्हणाला. "आता मेलेल्यानं उलटं जायला तुजी काय हरकत?" लखू वळला.

त्या परतीच्या वाटेवर त्याला फार एकटं वाटलं. जन्मभर उजवीकडं असलेला डोंगर डावीकडं आला आणि ओळखीची वाट अनोळखी झाली. ज्या झाडांना तो नावानं ओळखायचा त्यांची पाठच त्यानं कधी बघितली नव्हती. आईला नेलं तेव्हा चौघं होते. आज तो एकटाच स्वतःला नेत होता. देवराईत पोचेतो दात वाजायला लागले. ताप परत चढत होता. पेज त्यानं उभ्याउभ्या प्यायली, गाडगं तिथंच ठेवलं आणि घळीचा चढ धरला.

घळीत पाण्याचा धबाबा आवाज होता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला पाणी आणि मधे एका माणसापुरती वाट. पाचवा ढीग दिसला तेव्हा लखू हातापायांवर चढत होता. त्यानं ढिगावर नजर टाकली. या सालची एकही डहाळी नव्हती. गुणा अजून यायचा होता. लखूनं डोळे पुसले, खालच्या ऐनाची डहाळी तोडली आणि डावीकडून गाठ वळवून तिला साल बांधली.

मग वरच्या वळणावर माणूस दिसला. पाठीत वाकलेला, दाढी पांढरी, हातात उलटी धरलेली डहाळी. लखूला क्षणभर आपला बापच वाटला. तो पुढं झाला.

गुणानं मान वर केली. डोंगर डाव्या हाताला ठेवून येणारा मोठा भाऊ त्याला दिसला, आणि लहानपणी जे शिकवलं होतं ते त्यानं केलं. पाठ कातळाला लावली, डोळे घट्ट मिटले आणि मेलेल्याला वाट दिली.

"गुणा," लखू त्याच्यापुढं येऊन म्हणाला.

गुणाचे ओठ हलले. "आलास व्हय, अण्णा? जाता जाता भेटलास, लई बरं केलंस." त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "आता तुला खोटं सांगून काय करू? आयेचा निरोप मला येळेवर आला हुता. त्याच राती निगालो असतो तर पोचलो असतो. मी न्हाई निगालो. पुन्ना कासखोलात पाय ठेवनार न्हाई म्हनून गेलो हुतो नव्हं? त्या हट्टापायी बसून ऱ्हायलो. आनि दोस तुला दिला."

हे शब्द ऐकायला लखू नऊ वर्षं तळमळला होता. आता ते ऐकून त्याला कसलाही आनंद झाला नाही.

"मीबी थांबायला पायजे हुतं," तो म्हणाला. "थंडीचे दिस हुते. एक दिस आयेला ठेवता आलं असतं. मला ठावं हुतं. तुज्यावरच्या रागानं मी घाई केली."

पाणी कोसळत राहिलं.

"गुणा, डोळे उगड."

"न्हाई."

"उगड म्हन्तो ना."

"न्हाई, अण्णा. उगडले तर तू जाशील."

लखूनं गुणाच्या हातातली उलटी डहाळी काढून पाण्यात टाकली आणि आपली हिरवी डहाळी, शेंडा वर करून, त्याच्या मुठीत दिली. गुणाची बोटं सालीवरून फिरली, डावीकडच्या वळणावर अडली, आणि तिथून लखूच्या हातावर आली. त्यानं तो हात घट्ट धरला. मग पालथा करून बघितला, मनगट चाचपलं.

"अण्णा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुजा हात तापलाय."

"हिवताप हाय," लखू म्हणाला. "म्हनून काल यायला जमलं न्हाई."

गुणानं डोळे उघडले.