कुंकूपाण्याचा निकाल

एकोडीच्या देवळापुढे त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बैलबंड्या सोडलेल्या, सायकली एकमेकींवर कलंडलेल्या, आणि चिंचेखाली बायाबापड्यांची ही झुंबड. बारावीचं बोर्ड सुरू होऊन चार-दोन वर्षंच झाली होती आणि सोमवारी पहिलाच पेपर रसायनशास्त्राचा होता. शहाण्या मुलखात अशा दिवशी पोरं पुस्तकात डोकं घालून बसतात. इथली पोरं आयांचे पदर धरून कुंकूवाल्या महाराजांच्या रांगेत उभी होती.

महाराज ओट्यावर विराजमान होते. पुढ्यात तामचिनीची पांढरीशुभ्र परात. देवीला म्हणे पितळ चालत नाही. चेला प्रत्येक बाईसाठी कमंडलूतलं ताजं पाणी परातीत ओतायचा आणि महाराज सुरू व्हायचे.

"देखो माय, खालचा बोर्ड नागपुरात अन् वरचा बोर्ड कैलासात. पेपर पोरगा लिहिते, पण वरचा बोर्ड आईचा हात पाहते. बुडव हात."

दुकानदार श्यामरावांची बायको शकुनबाई पुढे आली. तिने हात बुडवला. पाणी जसंच्या तसं नितळ.

"पास. फर्स्ट क्लास," महाराजांनी निकाल लावून टाकला.

मागून रंभाबाई आली. धानाच्या रोवण्याला जाणारी, शेतात राबणारी बाई. तिचा हात बुडाला मात्र, पाणी लालबुंद झालं. रंभाबाईने रडतरडत बोकड कबूल केला, तेव्हा महाराजांनी मंत्र पुटपुटत परातीत लिंबू पिळलं आणि पाणी परत कोरं झालं. दोष उतरला म्हणे. लोकांनी जमिनीला डोकी टेकली.

हा सगळा तमाशा निर्मलाबाई गर्दीच्या कडेला उभ्या राहून पाहत होत्या. तालुक्याच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. चंद्रकला शुक्रवारी हॉल तिकीट न्यायला आली नाही, म्हणून ते घेऊन त्या स्वतः सायकल हाणत आल्या होत्या. ढिवर मोहल्ल्यातली बारावीपर्यंत पोचलेली ती पहिली पोर. बाप फकिरा पहाटेपासून तळ्यात जाळं टाकायचा, माय बायाबाई टोपलीभर मासे बाजारात विकायची, आणि पोरगी चुलीपुढे बसून समीकरणं सोडवायची. रसायनशास्त्रात तिच्या तोडीचं वर्गात कोणी नव्हतं. ती आता रांगेत मायच्या मागे खाली मान घालून उभी होती.

बायाबाईचा नंबर आला. तिने हात बुडवला आणि पाणी रंभाबाईच्या पाण्यापेक्षाही गडद झालं.

महाराजांनी डोळे मिटले. "पाण्यावर पोट भरता ना तुमी? पोरगी पेपरले बसली तं पाण्याचा माणूस पाण्यातच जाईन. काळा बोकड लागन."

"बोकड कुठून आणू महाराज? आमच्या घरी जाळ्याबिगर काई नाई."

"मंग पोरीले घरी ठेव."

बायाबाईने चंद्रकलाचं मनगट धरलं आणि ती चालू लागली. निर्मलाबाई आडव्या गेल्या.

"बायाबाई, सोमवारी पेपर आहे. मी हॉल तिकीट आणलंय."

"ठेवा तुमच्याजवळ. पोरीची शाळा पाहू का कुंकू पाहू? तुमी शिकल्यासवरल्या बाई, पण मी माह्या डोळ्यानं पायलं."

"चंद्रकला, तू तरी सांग हिला."

चंद्रकलाने वर पाहिलंसुद्धा नाही. "बाबा तळ्यात आहेत बाई," एवढंच ती म्हणाली.

निर्मलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोकडासाठी एक बुवा पोरीच्या बापाचं मरण तिच्या पेपराला बांधतो, आणि अख्खं गाव हात जोडून ऐकतं! त्यांनी बायाबाईचा हात सोडवायला म्हणून धरला, तर तो बोटांना चिकट लागला. तो उलटून तळहात पाहिला. रेषारेषांत पांढरा चुना भरलेला, अंगठ्याच्या नखात तंबाखू. रांगेत उभ्याउभ्या बायाबाईने दोनदा तरी तंबाखू मळला असणार. रंभाबाईच्या गालातही चिमूट होतीच. राबणाऱ्या सगळ्याच बाया इथे तंबाखू मळतात. शकुनबाई मात्र विडा खायची, तोही नोकराने लावलेला.

निर्मलाबाई तिथेच थबकल्या. वर्षभर ज्या रंगाची वाट पाहत त्यांनी पोरांना प्रयोगशाळेत ब्युरेटच्या नळीपुढे उभं केलं होतं, तोच हा रंग.

त्या बायाबाईला घेऊन सरळ ओट्यावर चढल्या.

"महाराज, हिचा हात पुन्हा बघायचा आहे."

"एकदा लागलेला निकाल पुन्हा पाहत नसते, बाई."

"काहून? बोर्डसुद्धा पेपर फेरतपासणीला घेतो. तुमचा वरचा बोर्ड घेत नाही?"

गर्दीत कोणीतरी हसलं. बायाबाईने एकदा मास्तरणीकडे पाहिलं, एकदा महाराजांकडे. "पाहू द्या महाराज," ती म्हणाली. "पाणी खरं असन तं पुन्हा लाल होईन."

आता नाही कसं म्हणणार? निर्मलाबाईंनी महाराजांपुढच्या ढिगातलं एक लिंबू कापून बायाबाईच्या दोन्ही हातांना खसाखसा चोळलं, मग हापशावर नेऊन हात चांगले धुववले. चेल्याच्या हातून कमंडलू घेऊन परातीत पाणी ओतलं. बायाबाईने हात बुडवला.

पाणी नितळच राहिलं.

निर्मलाबाईंनी चिंचेची एक काडी मोडली, बायाबाईच्या डबीतला चुना तिच्या टोकाला लावला आणि काडी त्याच परातीत फिरवली. पाणी लालभडक झालं.

"या काडीचा कोणता पेपर आहे हो महाराज? का या काडीच्या नवऱ्यालाही तळ्यात बुडवता?"

लिंबू पिळलं. लाली गेली. पुन्हा काडी, पुन्हा लाली. महाराज म्हणाले, "देवीची लीला अपरंपार असते," पण आवाजात दम उरला नव्हता.

"देवीला कशाला मध्ये घेता? ही जुलाबाच्या औषधाची लीला आहे," निर्मलाबाई कडाडल्या. "फिनॉल्फ्थॅलीन म्हणतात त्याला. जुलाबाच्या गोळ्यांत असतं. स्पिरिटमध्ये विरघळवून पाण्यात टाकलं की दिसत नाही. चुना लागला की गुलाबी होतं, औषध जास्त असलं तर लाल, लिंबू पिळलं की कोरं. बस्स. जिच्या हाताला चुना, तिच्या घरात दोष. म्हणून गरिबाचीच पोरं नापास आणि दुकानदाराचा फर्स्ट क्लास!"

मग त्या रांगेतल्या आपल्या कॉलेजच्या पोरांकडे वळल्या. खरा राग तिथे होता.

"घनश्याम, परवा तोंडी परीक्षेत मी तुला काय विचारलं होतं?"

श्यामरावांचा घनश्याम चाचरला. "अल्कलीत फिनॉल्फ्थॅलीन टाकल्यावर... रंगहीन ते गुलाबी, बाई."

"पैकीच्या पैकी गुण घेतलेस. मग आज इथे उभा राहून काय पाहत होतास?"

"ते लॅबमधलं होतं बाई," तो म्हणाला.

निर्मलाबाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी स्वतःच्याही. वर्षभर काय शिकवलं आपण? कॉलेजाच्या दाराबाहेर पडलं की चुना चुना राहत नाही? चंद्रकलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते भीतीचं नव्हतं.

"मलेही ओळखू यायला पाहिजे होतं," ती दातओठ खात म्हणाली.

बायाबाईला सगळं उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा तिने कमरेची डबी काढून महाराजांच्या मांडीवर आपटली. "माह्या तंबाखूवर माह्या पोरीचं वर्ष गिळून राहिला होता का रे तू? माह्या नवऱ्याले मारून राहिला होता?" चेला झोळी उचलून सटकला. महाराजांनाही सटकायचं होतं, पण रंभाबाईचा नवरा समोर उभा ठाकला होता आणि पोलीस पाटलाला निरोप गेला होता.

लोक आता हसत होते, शिव्या देत होते. तेवढ्यात मागून पार्वताबाई पुढे आली. तिच्या ओठावर अजून तंबाखू होता.

"बाई, मांगच्या साली माह्या ललिताच्या वक्ती बी पाणी लालच झालतं. मी तिले पेपरले नाई बसू देलं. उन्हाळ्यात लगन लावून देलं. आता बाळंतपणाले आली हाये." तिने ओठावरचा तंबाखू बोटाने पुसला. "ते बी चुनाच होता का?"

खोटं बोलणं सोपं होतं. निर्मलाबाई तिच्याजवळ गेल्या.

"हो पार्वताबाई. चुनाच होता."

पार्वताबाई आपला तळहात पाहत राहिली.

"ऐका," निर्मलाबाई म्हणाल्या, आणि आता त्या ओरडत नव्हत्या. "याला पोलीस नेतील. पुढच्या वर्षी दुसरा येईल. त्याचं पाणी लाल नाही होणार, निळं होईल, नाहीतर पेट घेईल. मी काही दरवेळी सायकल घेऊन येणार नाही. तेव्हा हात जोडायच्या आधी तुम्हीच विचारा, काहून झालं? त्याने सांगितलं नाही तर स्वतः करून पाहा. आणि कोणी कितीही मोठा असो, त्याच्या सांगण्यावरून पोरीला घरी बसवू नका. तिचं गेलेलं वर्ष कोणताही बोर्ड परत देत नाही."

बायाबाईने पदराला हात कोरडे केले आणि पुढे केले.

"द्या तो कागद," ती म्हणाली. "सोमवारी मीच घेऊन येईन तिले."