पहिली टोपली

पहिली टोपली स्वतःकडे ठेवायची नसते, हे आधी कुणी सांगितलं असतं तर वसुंधराने आईच्या साडीला कात्री लावलीच नसती. पण बाईंना धीर कुठला! न्यू लिन उपनगरातल्या वर्गात हुइया मावशी माओरी वीण शिकवायच्या. हराकेके नावाच्या झुडपाची लांब पाती नसली तर पॅकिंगच्या पट्ट्या, जुने कपडे, काहीही चालायचं. "घरातलं जुनं आणा, पण स्वच्छ धुऊन," एवढं ऐकून ही घरी आली. साडी कपाटात घडीवर विरत चालली होती. टोपली केली तर रोज नजरेसमोर तरी राहील. जरीचा पदर कापवेना, तो ठेवला. बाकीच्या पट्ट्या काढल्या, धुतल्या आणि विणायला घेतल्या.

टोपली झाली देखणी, आणि मग मावशींनी नियम सांगितला. पात्यांची असो की चिंध्यांची, पहिली टोपली देऊन टाकायची.

झालं! वसुंधराच्या जिवाला घोर लागला. द्यायची कुणाला हे तिला पक्कं ठाऊक होतं, तीच तर पंचाईत. आई गेली तेव्हा धाकट्या बहिणीला, सरलाला, व्हिसामुळे गावी जाताच आलं नव्हतं. वसुंधराने आणलेली ही एक साडी. "थोडे दिवस माझ्याकडे दे ना ताई," सरला म्हणाली, तर ताईंचं उत्तर काय? "झिजेल." तेव्हापासून दोघींत अबोला.

आठवडाभर टोपली कधी टेबलावर, कधी फ्रिजवर, कधी डिकीत. चहात साखर दोनदा पडायची, नाहीतर पडायचीच नाही. ऑफिसात कुणी हाक मारली की ही दचकायची. शेवटी शनिवारी स्वतःवरच चिडून तिने गाडी काढली आणि तडक ओटाहुहुला सरलाचं घर गाठलं.

सरलाने दार उघडलं. टोपलीतला जांभळा काठ तिने लगेच ओळखला.

"कापलीस?"

"माझी पहिली टोपली आहे. तुझ्यासाठी."

सरलाने टोपली घेतली, दोन्ही हातांनी चेहऱ्याशी नेली आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"धुतलीस गं?" सरलाने विचारलं. "मला साडी नको होती ताई. आईचा वास हवा होता."

वसुंधराला रडू आवरेना. पदर आपल्याला राहू दे, असं येताना तिने मनाशी ठरवलं होतं.

"पदर आहे," ती म्हणाली. "कपाटात. धुतला नाहीये."

सरलाने टोपली छातीशी धरली, पायांत चपला सरकवल्या आणि दार तसंच उघडं टाकून ती गाडीत जाऊन बसली.