भंडारा खाल्लेली गाडी

सकाळी साडेदहाला प्रदूषण तपासणीच्या यंत्राने सुकेशनी बिडगरची मोटारसायकल नापास केली.

तपासणीची व्हॅन आरटीओ कार्यालयाच्या भिंतीला लागून, कडुलिंबाच्या सावलीत उभी होती. व्हॅनवाला सखाराम याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, गाडी चालू करायला सांगितली आणि मागे काळ्या धुराचा लोट उठला. रांगेतले दोघे खोकत बाजूला झाले.

"ताई, कार्बन लई दाखवतंय," सखाराम म्हणाला. "आणायच्या आधी मिस्त्रीला तरी दाखवायची."

"काल संध्याकाळी धूर नव्हता, भाऊ. मीच चालवली."

"मशीनला कालचं माहीत नाय. मशीनला आत्ताचं माहिती."

"एक डाव परत लावा ना."

"दहा डाव लावतो की. पण आकडा सरळ सर्व्हरला जातो, गाडीच्या फोटोसकट. माझ्या हातात नुसती नळी."

या प्रमाणपत्राशिवाय परराज्यातल्या गाडीची तपासणी निरीक्षक करत नव्हते, आणि तपासणीशिवाय तेलंगणाचा नंबर जाऊन इथला एमएच-२० येणार नव्हता. सुकेशनीला ते सगळं आजच हवं होतं. बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कुरिअर गोदामाने तिला पार्सल वाटपाची लाइन देऊ केली होती. अट एकच: संध्याकाळी पाचपर्यंत स्वतःची गाडी गेटवर आणायची, महाराष्ट्रातल्या नोंदणीसह. नाही जमलं तर लाइन पुढच्या उमेदवाराला. मेंढ्यांच्या मागे फिरणाऱ्या तिच्या घरात महिन्याच्या पगाराची ही पहिलीच नोकरी होती.

गाडी तेलंगणाची होती, कारण मागच्या वर्षी गवत तिकडं होतं. पाऊस दडी मारून बसला तेव्हा तिचे वडील मुंजाबा आणि भाऊ अजिनाथ कळप घेऊन निजामाबादकडे उतरले. खतासाठी एका शेतकऱ्याच्या रानात त्यांनी हंगामभर मेंढ्या बसवल्या. त्याच्या बदल्यात शेतकऱ्याने आपली जुनी मोटारसायकल दिली, तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखलाही काढून दिला. कळपासोबत अजिनाथ तिकडंच राहिला. मुंजाबा गाडी घेऊन पुंडलिकनगरच्या टोकाच्या पत्र्याच्या खोलीत परतले. आता मे २०२४ उजाडला होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं, आणि बिडकीनकडे रोज नवं गोदाम उभं राहत होतं.

"प्लग गेला असंल," रांगेतला एकजण म्हणाला.

"कार्बोरेटर," दुसरा म्हणाला.

सुकेशनीने चावी फिरवून डावीकडचं झाकण काढलं. आत हात घातला. बाहेर आली ती बोटं पिवळीधमक होती.

रांगेच्या मागून आवाज आला, "अरे चचा, गाडी लाये क्या मसाला?"

सगळे हसले. सुकेशनी हसली नाही. तिने बोटं नाकाशी नेली, मग सोबत आलेल्या वडिलांकडे वळली.

"आबा, सकाळी पूजा केली तवा कुठं कुठं लावला भंडारा?"

मुंजाबांनी फेटा सारखा केला. "कपाळाला."

"अजून?"

"नवं जनावर घरी आलं की काय करतो आपण? कपाळाला लावतो आन् चिमूटभर तोंडात."

"गाडीला तोंड कुठंय, आबा!"

"अजिनाथनंच दावलं व्हतं. म्हनला, गाडी हितून श्वास घेती. मंग तोंडच झालं की."

"आन् चिमूटभर?"

मुंजाबांनी जरा विचार केला. "मेंढीला चिमूट. ही मोठी हाय. दोन मुठी घातल्या."

सखारामने कपाळाला हात लावला. "मामा, भंडाऱ्यानं दम कोंडलाय तिचा. हवा जाईना, म्हणून पेट्रोल कच्चं जळतंय. फिल्टर काढा, झटका, लावा. मी नळी धरून बसतो."

सुकेशनीने पान्याने दोन स्क्रू सोडवले, फिल्टर बाहेर ओढला आणि चाकावर आपटायला हात उचलला.

"थांब!" मुंजाबा ओरडले. "भुईवर सांडू नको. भंडारा हाय त्यो. पायाखाली येतोय."

"आबा, अकरा वाजत आले!"

"वाजू दे."

त्यांनी फेटा सोडला आणि भर रांगेत जमिनीवर अंथरला. मग स्वतः फिल्टर घेऊन त्याच्यावर हलक्या हाताने थापटू लागले, कोकराची पाठ थापटावी तसे. प्रत्येक थापेला पिवळा धुरळा उडत होता. रांग मोडून माणसं भोवती जमली. मघाचा चचावाला पुढे झाला आणि वाऱ्याच्या बाजूला आपली पिशवी आडवी धरून उभा राहिला. कुणीतरी "येळकोट येळकोट!" म्हणालं, तेव्हा निम्म्या रांगेने "जय मल्हार!" म्हणून भिंत दणाणून सोडली. कार्यालयाच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली.

फिल्टर बसला. सुकेशनीने किक मारली. पहिल्या किकेला गाडी फुरफुरली, दुसरीला धरली. थोडा वेळ धूर पिवळट काळा आला, मग पातळ झाला, मग दिसेनासा झाला. सखाराम पडद्याकडे बघत राहिला.

"उतरतोय," तो म्हणाला. "उतरतोय... रेस नको देऊ, ताई, हात काढ... आला! मर्यादेत आला!"

प्रमाणपत्राचा कागद छापून बाहेर येईपर्यंत सुकेशनी व्हॅनच्या दारात एका पायावर उभी होती.

निरीक्षकांच्या पुढ्यात तिची गाडी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आली. दाखला, विमा, प्रमाणपत्र त्यांनी पाहिलं आणि चॅसिस नंबर बघायला हँडलखाली वाकले.

"हे काय लावलंय इथं?"

"कपाळ हाय, सायेब," मुंजाबा म्हणाले.

"बाबा, गाडीचा नंबर तिथंच असतो. पुसा ते."

मुंजाबांनी अंगठ्याने हळद पुसली आणि अंगठा स्वतःच्या कपाळाला लावला. वरचं निघालं, पण कोरलेल्या आकड्यांच्या खाचांत तेलात भिजलेला भंडारा बसला होता. काळ्या लोखंडावर एकेक आकडा पिवळा उमटून दिसत होता. निरीक्षकांनी कागदाशी ताडून पाहिला, मोबाइलवर फोटो काढला, मोठा करून बघितला.

"जुन्या गाडीचा नंबर टॉर्चशिवाय पहिल्यांदा वाचला," ते म्हणाले. "माझ्याकडून झालं. कागद वर पाठवले."

"म्हणजे एमएच-२० झाली, सर?"

"नंबर वरून पडतो. मंजुरी झाली की मेसेज येईल."

"आज?"

"आज होईल, उद्याही होईल. माझ्या हातात नाही."

सुकेशनीने आभार मानले आणि पळत सुटली. "आबा, बसा!"

पैठण रस्ता जागोजागी उकरलेला होता. कडेला जलवाहिनीचे माणूस उभा मावेल एवढे काळे पाइप पडले होते, आणि त्यांच्या शेजारून टँकर धुरळा उडवत जात होते. गाडी मात्र तक्रार करत नव्हती. भंडाऱ्याची पुरचुंडी बांधलेला फेटा काखेत धरून मुंजाबा मागे बसले होते, बोडक्या डोक्याने.

"पळती लेक," ते तिच्या कानात ओरडले. "पोट साफ झालंय!"

"हसवू नका आबा, खड्डा हाय!"

पाचाला काही मिनिटं कमी असताना ते गोदामाच्या गेटवर पोहोचले. पर्यवेक्षक नानासाहेब बाहेर आले. त्यांनी पुढची पाटी वाचली.

"ही तर टीएस हाय, ताई."

"अर्ज झालाय, साहेब. तपासणीही झाली. हे बघा." तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर लिहिलं होतं: तपासणी पूर्ण, मंजुरी प्रलंबित.

नानासाहेबांनी ते दोनदा वाचलं. गेटच्या बाजूला एक तरुण एमएच-२० पाटीच्या गाडीवर बसून त्यांच्याकडेच बघत होता.

"धूर?"

"नाय. प्रमाणपत्र आजचं हाय."

"मोबाइल द्या. आत विचारून येतो," नानासाहेब म्हणाले, आणि तिचा मोबाइल घेऊनच आत गेले.

सुकेशनीने गाडी बंद केली नाही. मुंजाबांनी पुरचुंडीची गाठ सैल केली, चिमूट घेतली, पुढच्या पाटीकडे बघितलं.

"आबा, नगं," ती म्हणाली.

त्यांनी चिमूट आपल्याच तोंडात टाकली.

सव्वापाचला नानासाहेब अजून आतच होते. मंजुरीचा मेसेज ज्यावर येणार, तो मोबाइलही आतच होता.