पांढरी पिन

दादाने दार उघडले तेही हातचे राखून.

"एक तास," तो म्हणाला. "वर एक मिनिट नाही."

"फीतच साठ मिनिटांची आहे. तिला घाई करता येत नाही."

"तुला येते की. आई आजारी असताना दोन दिवस आलीस आणि गेलीस. चांगली येते घाई."

असे माझे स्वागत झाले. आत वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. एक टॉवेल तेवढा जरुरीपेक्षा जोरात झटकला.

माझे काम संकलनाचे. ज्या शाळेत आईने तीस वर्षे गाणे शिकवले, तिथल्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला तिच्यावर दहा मिनिटांचा लघुपट दाखवायचा होता. तिची छायाचित्रे ढीगभर होती. आवाज कुठेच नव्हता. शेवटच्या दोन वर्षांत शस्त्रक्रियेने तिचा कंठ काढून नेला होता. ती पाटीवर लिहून बोले, आणि पाटी पुसली की तिचे बोलणे झाले न झाले सारखेच होई. उरली होती पंचवीस वर्षांपूर्वीची एक व्हिडिओ फीत, तळहातात मावणारी, दादाच्या अक्षरात 'आई, स्वयंपाकघर' असे लिहिलेली. फीत माझ्याकडे होती. ती वाजवू शकणारा एकमेव कॅमेरा दादाकडे. आईची अशी वाटणी झालेली होती.

स्टुडिओवाल्याने सांगितलेला भाव ऐकून मी अंगठ्याएवढा एक स्वस्त जोड विकत घेतला होता. एका टोकाला कॅमेऱ्याच्या वायरी, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप, गरिबाचा स्टुडिओ. बाकीचे सारे हाताचे काम. कॅमेऱ्यातल्या, फीत वाचणाऱ्या फिरत्या हेडवरची धूळ स्पिरिटने पुसायची. फीत एकदा शेवटपर्यंत पळवून उलटी गुंडाळायची, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना बिलगलेले पदर सुटतात. मग ती जितकी लांब, तितका वेळ तिच्यासमोर बसून राहायचे. चित्रासाठी पिवळी पिन, आवाजासाठी पांढरी.

दादाची अट एकच होती: कॅमेऱ्याला हात तो एकटा लावणार.

"बाबांचा कॅमेरा आहे. तुझ्या हातात दिला तर उद्या त्यातही हिस्सा मागशील."

माझ्याकडे पाठ करून त्याने पिना बसवल्या आणि बटण दाबले.

लॅपटॉपच्या पडद्यावर आई उगवली. ओट्याशी उभी, बाह्या वर सारलेल्या, केसांची एक बट कपाळावर. तिचे ओठ हलत होते. गात होती. खालच्या कोपऱ्यातली आवाजाची हिरवी पट्टी मात्र निश्चल होती, वारा पडलेल्या पाण्यासारखी.

"आवाज नाही," मी म्हणाले.

"फीत जुनी आहे. आवाज आधी जातो. तूच सांगायचीस ना सगळ्यांना?"

सांगत असे, खरे आहे. मोठ्या कॅसेटमध्ये आवाजाची वाट फितीच्या काठाने जाते. काठ झिजला की चित्र उरते आणि माणूस मुका होतो. अकरा मिनिटे मी दादावर विश्वास ठेवला. अकरा मिनिटे आईच्या दुसऱ्या मुकेपणासमोर बसून राहिले, आणि तो माझ्याकडे न बघता नखे पाहत राहिला.

मग शिकलेले आठवले. या छोट्या फितीत आवाज काठावर नसतोच. चित्राच्याच तिरप्या रेघांत, त्याच हेडने, चित्राबरोबर कोरलेला असतो. चित्र इतके नितळ असताना आवाज एकटा मरू शकत नाही.

मी उठून कॅमेऱ्याच्या मागे गेले. पिवळी पिन घट्ट बसली होती. पांढरी टेबलामागे लोंबत होती.

"निसटली असेल," दादा म्हणाला.

"पिवळी बरी नाही निसटली."

"चित्र मिळालं ना? वर एखादं गाणं चिकटव. तुमचा धंदाच तो, चिकटवाचिकटवीचा."

"बाजूला हो."

"हात लावू नकोस सांगतोय!"

त्याने माझे मनगट पकडले, पण तोवर पिन आत गेली होती.

आधी श्वास ऐकू आला. कॅमेरा धरणारा चित्रात कधीच नसतो, पण माइकच्या सर्वांत जवळ तोच असतो. त्या श्वासामागे, दूर, बारीक, आईचे गाणे. आणि त्यावर एकाएकी वीस वर्षांच्या दादाचा आवाज, खोलीभर:

"बस कर गं आई! तुझ्या गळ्याला एकदा कुलूपच लागलं पाहिजे."

वहिनीच्या हातातली घडी अर्धी राहिली.

पडद्यावर आई हसली. "लाव. आधी ताट उचल."

आणि पुन्हा गाऊ लागली.

दादाने माझे मनगट सोडले. त्यावर त्याची चार बोटे उमटली होती. "डॉक्टरांनी ऑपरेशनची सही मागितली, तेव्हा कानात हेच होतं," तो पडद्याकडे बघत म्हणाला. मग ताठ झाला. "ते वाक्य काढायचं. भर सभागृहात मला उभं सोलू नकोस."

"बघते."

"बघू नकोस. काढ."

उरलेली मिनिटे आम्ही वैऱ्यांसारखी एका सोफ्याच्या दोन टोकांना काढली. पहिली अकरा मिनिटे पुन्हा वाजवायला त्याने नकार दिला. ती मुकीच राहिली. "झालं. आता या दारात पाय ठेवू नकोस," म्हणून तो आत गेला.

दाराशी वहिनी आली. "वन्सं, दोन वर्षं यांनी आईंना नळीनं भरवलं. दिवसातून पाच वेळा. ते कुठल्या फितीत आहे?"

"कुणी शूट केलं नाही," मी म्हणाले. त्याहून वाईट उत्तर मला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते वाक्य संकलनाला घेतले. आईचे हसू दादाच्या 'लागलं'च्या आतच सुरू झाले होते. दोघांच्या आवाजाची पट्टी एकच. त्याला कापावे तर तिचे हसू मुंडके उडाल्यासारखे मधूनच सुरू होई. सात ठिकाणी कापून पाहिले. आठव्यांदा कापायला हात गेला नाही. त्याचे कारण केवळ कलेचे होते, असे छातीवर हात ठेवून मी सांगणार नाही.

फोन वाजला.

"काढलंस?" दादा.

"नाही. तुझ्या शब्दाच्या पोटातच ती हसायला लागली आहे. तू गेलास की ती जाते."

"खोटं. डूख धरून आहेस तू."

दोन्ही खरे होते. "ऐक मग," म्हणून मी फोन लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धरला.

त्याचे वाक्य त्याने ऐकले. फोनमधून त्याचा श्वास येत होता, फितीवरचाच, फक्त पंचवीस वर्षांनी जड झालेला. मग आईचे हसू. मग, "लाव. आधी ताट उचल."



"राहू दे," तो म्हणाला. "आणि मला पुन्हा फोन करू नकोस."

"फोन तू केलास," मी म्हणाले. पण त्याने तो ठेवला होता.