मुक्या कोंबड्यांचा डालगा

मित्रांनो, मी एक जुना डालगा आहे. कोंबड्या झाकायचा, बांबूच्या कामट्यांचा. ‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही,’ असं लोक म्हणतात. झाकणाऱ्याला कोण विचारतो? असो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमारास कळव्याच्या ठमाबाईने मला घरी आणलं. मिठागरावर जाण्याआधी ती मला उचलायची, दिवेलागणीला कोंबड्यांवर ठेवायची. तिचे कोंबडे लालभडक तुऱ्याचे, अख्खी आळी जागी करणारे. जत्रेच्या दिवसांत माणसं कोंबडा घ्यायला तिचंच दार विचारत यायची.

मग तिचा लेक काळुराम खाडीपलीकडच्या कारखान्यात लागला. तिथे डास-ढेकूण मारायची पांढरी पावडर बनायची. त्या पावडरीचं एक रिकामं पत्र्याचं पिंप त्याने हौसेने घरी आणलं. ठमाबाईने ते राखेने घासलं आणि त्यात कोंबड्यांची कणी भरली. उंदीर काही शिरला नाही.

पण त्यानंतरचे नर वाढले ते फिकट, खुरट्या तुऱ्यांचे. एकही आरवेना. कोंबडी उबवायला बसली की अंडी तिच्याच भाराने फुटायची. गिऱ्हाईक तुटलं.

“हा डालगाच अवलक्षनी हाय, जालून टाक,” काळुराम म्हणाला. जन्मभर राखण केली आणि नशिबी चूल! मला फार लागलं ते.

ठमाबाई हट्टाची. “आधी मना बघू दे,” ती म्हणाली. तिने बाहेरून अंडी आणून पिल्लं काढली. अर्धी नव्या डालग्याखाली घरीच, पिंपातल्या कणीवर ठेवली, अर्धी माझ्यासकट खडवलीला बहिणीकडे, तुळसाकडे नेली. “दाना तुज्या घरचा घाल, डालगा ह्योच ठेव,” तिने बजावलं.

तिथे मी जीव मुठीत धरून होतो. पिल्लांचे तुरे वाढले, लाल झाले. ठमाबाई मुक्कामाला आली असताना एका पहाटे माझ्या पोटातून बांग उठली. ती अंथरुणात उठून बसली. कळव्याचे कोंबडे अजून मुकेच होते.

“डालगा तोच, दाना दुसरा,” ती तुळसाला म्हणाली.

घरी येताच तिने सगळी कणी पुरून टाकली.

“आये, पिंप चांगला हाय, कोनाला तरी दिऊ,” काळुराम म्हणाला.

“आनि त्याचे कोंबरे मुके करू?” ठमाबाईने पहार घेतली आणि पिंपाच्या बुडाला भोकं पाडली.

पुढे कळलं, असली पावडर घासून जात नाही. ती पाखराच्या चरबीत साठते आणि त्याच्या शरीरातली संप्रेरकं बिघडवते. मग नराला तुरा येत नाही, अंड्याला धड कवच धरत नाही.

आता माझ्या कामट्या सुतळीने बांधल्या आहेत. मित्रांनो, पिंप घरात आणण्याआधी त्यात काय होतं ते विचारा. आणि कोंबडा आरवेनासा झाला, तर आधी त्याचा दाणा बघा. डालगा जाळायची घाई करू नका.