चोवीसाला चौतीस

मी कागद कापणारे एक जुने यंत्र आहे. मित्रांनो, माझे अंग ओतीव लोखंडाचे, कडेला मोठे चाक आणि पोटात एक लांब पाते. मालकांनी मला ऐन उमेदीत या छापखान्यात आणले. मला हात लावण्याआधी ते स्वतःचे हात पुसत आणि "याच्यापुढे घाई चालायची नाही," असे येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत. पुढे कागद कापूनच येऊ लागला. माझ्या पाठीवर चहाचे पेले आणि ओल्या छत्र्या विसावल्या. मी ते सोसले. रिकाम्या हातांना मान कोण देतो?

मालक आता थकले आहेत. पडून पाय मोडल्यापासून ते रुग्णालयात आहेत. छापखाना त्यांची थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा चालवतात. ती प्रत्येक गोष्ट दोनदा मोजते. त्याला मात्र सगळे घाईराव म्हणतात, यातच सर्व आले.

त्याच रुग्णालयाचे काम आले: आग लागल्यास बाहेर कसे पडावे, याचा नकाशा. मोठा प्रवेशद्वारापाशी लावायचा, अर्ध्या आकाराचा प्रत्येक खोलीत. मूळ नकाशा चौतीस इंच लांब आणि चोवीस इंच रुंद होता. घाईरावाने कागद आणला छत्तीस इंच लांब, चोवीस इंच रुंद. रुंदीला रुंदी जुळवली. टोकाला दोन इंच कोरे उरले, कुणाचे काही बिघडले नाही. मग त्याने कागद मधोमध अर्धा केला, पुन्हा रुंदीला रुंदी जुळवली आणि सगळे नकाशे छापून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयातून हसतच परतला. "ताई, बाबांना छोट्या नकाशाचा नमुना दाखवला. चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, 'अरे, मला घरी सोडलं की काय? माझी खोली कुठाय यात?'"

ताईही हसली. मग तिने नकाशा हातात घेतला आणि तिचे हसू मावळले. त्या लांबट इमारतीचे एक टोकच कागदाबाहेर गेले होते. तिथे बाबांची खोली होती आणि तिला लागून मागचे दार.

"आणि हे उद्या भिंतींवर लागणार होतं," ती म्हणाली.

घाईरावाने मोठा नकाशा शेजारी पसरला. "पण मी अर्धाच केला ना गं! मोठ्यावर बसलं, ते अर्ध्यावर का बसू नये?"

"शहाण्या, कागद अर्धा केलास. आकार तोच राहिला का?"

मित्रांनो, प्रश्न बिनतोड आहे. रुंदीच्या दीडपट लांब कागद अर्धा केला की तो बुटका होतो. आणखी अर्धा केला की पुन्हा लांबट. मग असा एखादा कागद आहे का, जो कितीही वेळा अर्धा केला तरी आपला आकार सोडत नाही?

ताईने छत्तीस-चोवीसचाच एक कोरा कागद घेतला. कोपरा दुमडून त्याची आखूड कड लांब कडेवर नेऊन ठेवली. तिरकी घडी पडली. ती घडी तिने लांब कडेशी मोजली. कड दोन इंचांनी जास्त भरली.

"ही घडी आणि ही कड सारखी हवी. बाबांनी शिकवलं होतं."

"मला नाही शिकवलं."

"तुलाही शिकवलं. तू 'हो हो' म्हणालास."

ती तिरकी घडी म्हणजे रुंदीवर उभ्या केलेल्या चौरसाचा कर्ण. कर्णावरचा चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट असतो. कागद अर्धा केला की जुनी रुंदी नवी लांबी होते आणि जुन्या लांबीचा निम्मा भाग नवी रुंदी; तरीही प्रमाण तेच राहायचे तर अट एकच: लांबीचा वर्ग रुंदीच्या वर्गाच्या दुप्पट हवा, म्हणजे लांबी त्या कर्णाएवढी. दुसरे कोणतेही प्रमाण चालत नाही. हवे तर माझ्याशी वाद घालून पाहा. दुकानातला ए-फोर कागद आणा, कोपरा दुमडा आणि स्वतःच खात्री करा.

"लांबी जुळवून नकाशा थोडा लहान छापू. मावेल," घाईराव म्हणाला.

"आज मावेल. उद्या त्याच्याही निम्मा मागितला, की कुठली बाजू जुळवायची यावरून पुन्हा भांडशील. कागदच नीट कापू."

पेले उचलले गेले. माझ्या सांध्यांत तेल पडले. चाक घाईरावानेच फिरवले, आणि आयुष्यात प्रथमच सावकाश. दोन इंचांची पट्टी खाली पडली. चौतीस-चोवीसचा कागद अर्धा केला, चोवीस-सतरा झाला, प्रमाणात फरक केसाएवढा. नवा नकाशा कडेला कड लावून बसला. घाईरावाने आधी बाबांची खोली शोधली, मग मागचे दार, आणि मगच श्वास सोडला.

नकाशे लागल्यावर रुग्णालयात आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव झाला. मालकांच्या खोलीवर त्या दिवशी एक नवी परिचारिका होती. तिला इमारतीची माहिती नव्हती. तिने भिंतीकडे एकदा पाहिले आणि त्यांची चाकांची खुर्ची थेट मागच्या दाराबाहेर, उन्हात नेली. तिथे घाईराव वाट पाहत उभा होता. मालक त्याला म्हणाले, "यावेळी मला नकाशात ठेवलंस बरं का!" हे त्याने परत येऊन सांगितले, आणि सांगताना माझ्या चाकावरचा हात काढला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना थोडे तेल देत जा, एवढे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. कापणे फार सोपे असते. माझे पाते ते क्षणात करते. तुम्ही मात्र कापण्याआधी एकदा वाकून पाहा, पात्यापलीकडे कोण राहिले आहे.