रडणं थांबेपर्यंत

पहिलीच्या बाईंचा एक नियम होता आणि त्यापुढे कुणाचं काही चालत नसे. नवं मूल रडतंय तोवर त्याच्या आईनं वर्गाच्या खिडकीबाहेर, कट्ट्यावर बसायचं. मूल थांबलं की आईनं निमूट घरी जायचं. "पोरं म्हणजे काय पिशव्या आहेत, आणल्या आणि ठेवल्या?" असं त्या विचारायच्या.

बहुतेक पोरं आठवड्याभरात रुळत. यंदा मात्र एक नग निघाला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची मुलगी. शाळा भरताच जो सूर लावायची, तो थेट मधल्या सुट्टीपर्यंत. मुलांनी तिचं नाव भोंगा ठेवलं, आणि खरं सांगायचं तर ते चपखल होतं. बाईंनी गोष्टी सांगितल्या, मांडीवर घेतलं, रंगीत खडू दिले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी शेजारच्या वर्गातून तक्रार गेली आणि मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, बाईंना बोलावून घेतलं.

"उद्यापर्यंत गप्प झाली तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी आणायला सांगा. लहान आहे, काही बिघडत नाही."

बिघडत नाही म्हणे! असे 'पुढच्या वर्षी'वाले बाईंनी खूप पाहिले होते. शाळेतून एकदा घरी गेलेलं पोर धाकट्या भावंडाला सांभाळत बसतं, आणि ते पुढचं वर्ष काही उजाडत नाही. पैसे टाकून दुसरी शाळा बघण्यातली ही माणसं नव्हेत. सरकारी शाळेचं दार मिटलं की मिटलं.

बाई वर्गात परतल्या मागच्या दारानं. भोंगा चालूच होता. पण बाई नाहीत असं वाटून पोरीनं मध्येच सूर थांबवला, शेजारणीच्या पाटीत डोकावली, "असं नाही गं, असं," म्हणत तिचं अक्षर नीट करून दिलं आणि खिडकीकडे बघून पुन्हा गळा काढला. डोळे ठणठणीत कोरडे.

बाईंनी डोक्याला हात लावला. तिच्याजवळ बसत त्या हळूच म्हणाल्या, "लबाडे, रडू येत नाही तर रडतेस कशाला?"

"मी थांबले तर आईला जावं लागेल," ती कुजबुजली. "तिचं अजून व्हायचंय."

बाई खिडकीशी गेल्या. इस्त्रीवाली फळ्याकडे टक लावून होती. कपड्यांवर पाणी शिंपडायला सरावलेला हात तो. बाटलीच्या झाकणातल्या पाण्यात बोट बुडवून ती कट्ट्याच्या काळ्या दगडावर अक्षर काढत होती. उन्हानं ते वाळून जाई, की लगेच पुन्हा काढी. फळ्यावरचंच अक्षर, जरासं वाकडं.

बाईंची सावली पडली तशी ती दचकून उठली. "पोरीला रागावू नका, बाई. मीच सांगितलं तिला. थोडीच अक्षरं राहिलीत. तेवढी झाली की ती पण थांबेल आणि मी पण येणार नाही."

आपल्या नियमात किती माया आहे म्हणून बाई मिरवत होत्या, आणि त्याच नियमापायी ही चिमुरडी रोज घसा सुकवून घेत होती.

"उद्यापासून आत बसा," त्या म्हणाल्या. "बाहेर ऊन लागतं."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वर्ग शांत. त्यांची नजर शेवटच्या बाकावर गेली. तिथे इस्त्रीवाली अंग चोरून बसली होती.

"हे कोण?"

"नवीन मूल," बाई म्हणाल्या. "रडत नाही, डबा सांडत नाही, मन लावून शिकतं. पुढच्या वर्षी या म्हणून सांगू?"

मोठ्या बाईंनी त्या बुटक्या बाकाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या बाकात गुडघे अडकतील तिचे. माझ्याकडची खुर्ची पाठवते." आणि गेल्या.

बाईंनी हजेरी घेतली. सगळी नावं संपल्यावर त्यांनी शेवटच्या बाकाकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या.

"हजर," इस्त्रीवाली पुटपुटली.

भोंगा गर्रकन मागे वळली. "आई, उभं राहून म्हणायचं असतं."

तशी ती केस सावरत उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली.